इंजिन ऑइल किती जाड हवं? ०डब्ल्यू-२० पासून २०डब्ल्यू-५० पर्यंतचा घोळ

एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेत सुमारे ६ लाख मोठ्या एसयूव्ही आणि पिकअप गाड्या परत बोलावल्या. त्यांच्या ६.२ लिटरच्या व्ही-८ पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला पिस्टनशी जोडणारे कनेक्टिंग रॉड तयार करतानाच दोष राहिले होते, आणि त्यामुळे चालत्या गाडीत इंजिन निकामी होण्याचा धोका होता. ज्या गाड्या तपासणीत ठीक निघाल्या, त्यांच्यासाठी कंपनीनं ऑइल बदलायला सांगितलं. पातळ ०डब्ल्यू-२० काढा, त्याहून जाड ०डब्ल्यू-४० भरा, फिल्टर नवा घाला आणि ऑइल भरायच्या तोंडावरची कॅपही बदला. आपल्याकडे गॅरेजच्या गप्पांत ही बातमी आली ती एका ओळीत: पातळ ऑइलनं इंजिनं जातात, हे आता कंपनीनंच कबूल केलं.

बातमीत तसं काही नव्हतं. पण शंका खरी आहे आणि ती गाडीवाल्याला दर सर्व्हिसिंगला सतावते. नव्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ लिहिलेलं असतं आणि समोरचा मेकॅनिक म्हणतो, "साहेब, हे पाण्यासारखं आहे, आपल्या उन्हाळ्यात टिकायचं नाही. २०डब्ल्यू-५० टाकून देतो, इंजिन बिनआवाजाचं चालेल." वीस वर्षांपूर्वीच्या गाडीसाठी हा सल्ला कदाचित चालून गेला असता. आजच्या गाडीसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. ऑइलची जाडी हे इंजिनाचं एक माप आहे. पिस्टनचा व्यास जसा कंपनी ठरवते तशीच ही जाडीही, आणि बाकीचे पार्ट ती धरूनच बनवलेले असतात.

डब्यावरचे दोन आकडे

गुळाचा पाक कढईत उकळत असतो तेव्हा पाण्यासारखा ओततो. तोच ताटात गार व्हायला लागला की उलथनं ओढताना हात दुखतो. पाक तोच, फक्त तापमान बदललं. ऑइलचंही तसंच असतं. द्रवाच्या या वाहायला नाखूष असण्याला व्हिस्कॉसिटी म्हणतात. या लेखात आपण सरळ 'जाडी' म्हणू.

जाडी तापमानागणिक बदलते, म्हणून डब्यावर दोन आकडे असतात. ५डब्ल्यू-३० घेऊ. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा ऑइल गार असतानाचा. तो जितका लहान, तितकं कडाक्याच्या थंडीतही ऑइल पंपाला ओढता येतं. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या प्रमाणात ०डब्ल्यूची स्टार्टिंगची कसोटी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३०, १०डब्ल्यूची उणे २५, १५डब्ल्यूची उणे २० आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर.

दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा, १०० अंश सेल्सियसवरचा. त्याचं एकक सेंटीस्टोक. '२०' म्हणजे ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक, '३०' म्हणजे ९.३ ते १२.५, '४०' म्हणजे १२.५ ते १६.३ आणि '५०' म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-२० तापल्यावर एकाच गटात बसतात, फरक फक्त गार असतानाचा.

एकच ऑइल दोन्ही कसोट्यांना उतरतं, कारण मुळात पातळ ऑइलमध्ये लांबलचक रेणू असलेलं पॉलिमर मिसळतात. गार असताना हे रेणू सुतळीच्या गुंडाळीसारखे आखडून पडतात. तापले की उलगडून पसरतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. गिअर, चेन, बेअरिंग यांच्यात सापडून हे धागे हळूहळू तुटतात. ऑइल मुदतीत बदलायच्या कारणांपैकी हे एक.

"पण आपल्याकडे ऊन किती!"

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप हाच आहे, म्हणून जरा आकडे बघू.

साधारण ०डब्ल्यू-२० ऑइल ४० अंशांवर ४५ सेंटीस्टोकच्या आसपास असतं आणि १०० अंशांवर साडेआठच्या. साधारण १५डब्ल्यू-४० हे ४० अंशांवर ११० आणि १०० अंशांवर साडेचौदा. आता नागपुरात मे महिन्यात दुपारी सावलीत उभी असलेली गाडी घ्या. इंजिन अजून सुरू केलेलं नाही आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल ४० अंशांवर आहे. ज्याला आपण 'पाणी' म्हणतो ते ०डब्ल्यू-२० त्या क्षणी, गरम इंजिनातल्या १५डब्ल्यू-४० च्या तिप्पट जाड आहे. २०डब्ल्यू-५० तर त्याहून कितीतरी जाड. म्हणजे गाडी सुरू करताना आपल्या कडक उन्हाळ्यातही प्रत्येक ऑइल गरजेपेक्षा जाडच असतं.

गाडी तापल्यावर काय? थर्मोस्टॅट हा कूलंटचा दरवाजा इंजिनाचं तापमान ठरावीक पट्ट्यात ठेवतो. बाहेर २० अंश असोत की ४५, नीट चालणाऱ्या कूलिंगच्या गाडीत नेहमीच्या प्रवासात ऑइल साधारण ९० ते ११० अंशांत राहतं. उन्हानं ते थोडं वर जातं, पण बाहेर २५ अंश वाढले म्हणून ऑइलही २५ अंशांनी वाढत नाही. ऑइल खरोखर तापतं ते भारानं. पाच माणसं, डिकीत सामान, एसी सुरू आणि कसारा किंवा आंबोलीचा घाट, तेव्हा १२० अंश किंवा त्याहून वर. मॅन्युअलमधला ग्रेड हे धरून दिलेला असतो. परदेशातल्या नव्हे, भारतातल्या मॅन्युअलचा ग्रेड बघायचा तो यासाठीच.

एक मात्र कबूल करायला हवं. उणे ३५ अंशांची कसोटी आपल्याकडे कधीच लागत नाही, त्यामुळे मुंबई-पुण्यात ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू यांच्यातला फरक जाणवण्याइतका मोठा नसतो. आपल्यासाठी दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. हिवाळ्यात लडाखला गाडी नेणाऱ्यानं मात्र पहिल्या आकड्याकडेही बघावं.

बेअरिंगच्या आत

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून वेगानं गेलं की टायर रस्ता सोडतो आणि पाण्यावर तरंगतो. रस्त्यावर ही जिवावरची गोष्ट. इंजिनात नेमकं हेच हवं असतं. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये साधारण २० ते ६० मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे फट केसाहूनही बारीक. क्रँक फिरताना ऑइलला आपल्याबरोबर ओढत नेतो, ते फटीच्या अरुंद बाजूला पाचरीसारखं घुसतं आणि लोखंडाला लोखंडापासून उचलून धरतं. भार जास्त असेल त्या जागी हा थर एक-दोन मायक्रॉनचाच उरतो. तेवढा पुरतो. तो तुटला की धातू धातूवर घासतो, आणि मग बेअरिंग जायला वेळ लागत नाही.

थर किती जाड राहील हे तीन गोष्टींवर ठरतं: ऑइलची जाडी, फिरण्याचा वेग आणि वरचा भार. वेग वाढला की थर वाढतो, भार वाढला की कमी होतो. म्हणून खंबाटकीत चौथ्या गिअरवर गाडी कण्हत-कुंथत चढवणं बेअरिंगला सगळ्यात वाईट, कारण भार भरपूर आणि वेग कमी. तिथं तिसरा गिअर टाकणं हे जाड ऑइल घालण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

मग जाड ऑइल तर थर वाढवेल, त्यात वाईट काय? इथंच गफलत होते. थर टिकायला ऑइल त्या फटीत सतत पोचावंही लागतं. पंपाजवळ एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरावीक हद्दीबाहेर गेला की तो उघडतो आणि ऑइल बेअरिंगकडे न जाता परत मागे वळतं. गार आणि फार जाड ऑइल असलं की हा व्हॉल्व्ह लवकर उघडतो. दाब भरपूर दिसतो, पण शेवटच्या टोकाला, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत, ऑइल उशिरा आणि कमी पोचतं. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की नळी ताठ होते, झाडाला मात्र पाणी कमी मिळतं, तसंच. शिवाय ऑइलचं निम्मं काम उष्णता वाहून नेणं आहे, आणि कमी वाहणारं ऑइल उष्णताही कमीच नेतं.

मेकॅनिक दाखवतो तो 'बिनआवाज' फरकही खरा असतो. जाड ऑइलनं टॅपेटचा खडखडाट दबतो. पण आवाज दबणं म्हणजे झीज थांबणं नव्हे.

इंजिन कुठं बदललं

जुन्या इंजिनात ऑइलला वंगण आणि गारवा एवढीच कामं होती. आता ते हायड्रॉलिक ऑइलचंही काम करतं. व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते वेगानुसार बदलणारी यंत्रणा, म्हणजे व्हीव्हीटी, ऑइलच्या दाबावर चालते. विजेवर चालणारा एक छोटा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अगदी बारीक जाळीतून आणि वाटांतून ऑइल आत-बाहेर सोडतो आणि कॅमशाफ्ट काही अंश पुढं-मागं फिरवतो. ही हालचाल किती झटकन व्हावी, याचं गणित ठरलेल्या जाडीवर बसवलेलं असतं. ऑइल फार जाड किंवा गाळानं भरलेलं असेल तर कॅम वेळेवर फिरत नाही. आयडलिंग डळमळतं, पिकअप मरतो, चेक इंजिन दिवा लागतो आणि स्कॅनर पी-००११ सारखा कोड दाखवतो. मग आधी सेन्सर बदलला जातो, नंतर सोलेनॉइड, आणि ऑइलकडे कुणी बघतच नाही.

चेन टेन्शनर, पिस्टनच्या खालून ऑइलची पिचकारी मारणारे जेट, हायड्रॉलिक टॅपेट हे सगळे याच ऑइलवर जगतात. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो तर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला उष्णता झपाट्यानं नेणारा प्रवाह लागतो. पातळ ऑइल धरून बनवलेल्या इंजिनात बेअरिंगचे पृष्ठभाग जास्त गुळगुळीत असतात, पिस्टन रिंगचा ताण कमी असतो, पंपाचं माप वेगळं असतं. झीज रोखायला झिंक-फॉस्फरसची आणि बऱ्याचदा मॉलिब्डेनमची रसायनं असतात, जी थर तुटायच्या क्षणी धातूवर संरक्षक लेप धरतात.

"हे सगळं मायलेजसाठी चाललंय ना?"

हो, बऱ्याच अंशी. हे लपवण्यात अर्थ नाही. एप्रिल २०१७ पासून भारतात कॅफे नियम आहेत. कंपनीनं विकलेल्या सगळ्या गाड्यांचा मिळून सरासरी कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. २०२२ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ही हद्द किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास आली. जाड ऑइल ढवळण्यात जाणारी ताकद वाचली की एखाद-दुसरा टक्का इंधन वाचतं. एका गाडीवाल्याला ते जाणवणारही नाही, पण लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला ते मोठं असतं.

आणखी एक गोष्ट मान्य करू. एकाच इंजिनाला एका देशात ०डब्ल्यू-२० आणि दुसऱ्या देशात ५डब्ल्यू-३० सांगितल्याची उदाहरणं आहेत. टोयोटाच्या काही मॅन्युअलमध्ये तर छापलेलंच असतं की सतत जास्त वेगानं किंवा जबर भारानं गाडी चालवायची असेल तर जास्त जाडीचं ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. म्हणजे जाडीला थोडी लवचीकता असते. पण ती किती, हे त्या मॅन्युअलच्या तक्त्यातच दिलेलं असतं. तक्त्यात ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही असतील आणि तुमचं निम्मं आयुष्य घाटात जात असेल, तर ५डब्ल्यू-३० बेधडक घ्या. तक्त्यात एकच ग्रेड असेल तर तेवढाच.

जनरल मोटर्सची गोष्ट या नजरेनं बघा. क्रँकच्या मापातच खोट राहिली असेल, तर जास्त जाड थर ती थोडी झाकू शकतो. म्हणून ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी, त्या एका इंजिनासाठी, दुसरा आकडा २० वरून ४० केला. पहिला आकडा त्यांनी ० च ठेवला, हे महत्त्वाचं. गॅरेजमधला २०डब्ल्यू-५० चा सल्ला या बातमीतून निघत नाही.

आकडा जुळला तरी डबा चुकू शकतो

दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० असू शकतं आणि आतलं ऑइल अगदी वेगळं असू शकतं. जाडीची खरी परीक्षा होते ती बेअरिंगमध्ये, १५० अंशांच्या आसपास आणि प्रचंड वेगानं घासलं जाताना. या कसोटीला एचटीएचएस म्हणतात. '२०' ग्रेडला तिथं किमान २.६ मिलीपास्कल-सेकंद (जाडीचंच दुसरं एकक) लागतात, '३०' ला २.९. पण युरोपच्या एसीइए प्रमाणातल्या सी३ वर्गाला किमान ३.५ लागतात, सी२ ला २.९ पुरतात. सी२ आणि सी३ दोन्ही ५डब्ल्यू-३० मध्ये मिळतात. मॅन्युअल सी३ म्हणत असेल आणि तुम्ही फक्त '५डब्ल्यू-३०' बघून डबा उचलला, तर पातळ ऑइल घातल्यासारखंच झालं.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी इथं जास्त जपावं. सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ हा काजळीचा फिल्टर काजळी जाळून मोकळा होतो. पण ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांची राख जळत नाही, ती आत साचतच जाते. म्हणून कमी राखेचं, सी वर्गातलं ऑइल लागतं. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० घातलं तर इंजिन चालेल, पण डीपीएफ आपल्या मुदतीच्या खूप आधी तुंबेल, आणि त्याची किंमत कित्येक वर्षांच्या ऑइलपेक्षा जास्त असते.

छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांसाठी एपीआय या अमेरिकी संस्थेचा एसपी किंवा त्यानंतरचा एसक्यू दर्जा बघा. कमी वेगात जास्त जोर लावला की अशा इंजिनात पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ शकतं आणि पिस्टन फुटू शकतो. नव्या दर्जाच्या ऑइलची रसायनं हे टाळायला बदललेली आहेत. फोक्सवॅगनचं ५०८ ०० सारखं कंपनीचं स्वतःचं प्रमाण असेल तर तोच क्रमांक डब्यावर हवा, आणि ते ऑइल जुन्या प्रमाणाच्या इंजिनात घालायचं नाही.

उरलेलं कारचं ऑइल बाइकमध्ये ओतायचा मोहही टाळा. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो घसरतो.

गाडी जुनी झाली, ऑइल पिते, सीएनजीवर आहे

दीड लाख किलोमीटर झाले की आपोआप जाड ऑइल घालायचं, असा नियम नाही. आधी मोजा. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून बघा, किलोमीटर लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनी परत बघा. बऱ्याच गाड्यांत मिन आणि मॅक्स या खुणांमध्ये साधारण एक लिटर मावतं. पातळी हलली नसेल तर ग्रेड बदलायचं कारण नाही. उतरत असेल तर गळती आहे का, व्हॉल्व्ह सील कडक झालेत का, रिंग अडकल्यात का, हे बघायला लावा. मॅन्युअलच्या तक्त्यातली एक पायरी वर जाणं ठीक. थेट २०डब्ल्यू-५० म्हणजे ताप उतरवायची गोळी, आजार आतच राहतो.

सीएनजीला जाड ऑइल लागतं, असंही सर्रास सांगतात. कंपनी-फिटेड गाडीत मॅन्युअल सांगेल तोच ग्रेड.  तिथं जाडी वाढवण्यापेक्षा मुदत पाळणं कामाचं.

काउंटरवर आणि लिफ्टखाली

ऑइल भरायची कॅप आधी बघा, बऱ्याच गाड्यांत ग्रेड तिथंच छापलेला असतो. मग मॅन्युअलमधलं 'कपॅसिटी' किंवा 'लुब्रिकंट' हे पान उघडा आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. त्यात चार गोष्टी शोधा: ग्रेड, एपीआय किंवा एसीइए दर्जा, फिल्टरसह किती लिटर, आणि किती महिने किंवा किलोमीटर. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण ३ ते ४ लिटर लागतं, मोठ्या डिझेलला ५-६ किंवा त्याहून जास्त. ड्रममधलं सुटं ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा समोर फोडायला सांगा आणि बिलावर पूर्ण ग्रेड लिहून घ्या, नुसतं 'इंजिन ऑइल' नको.

ऑइल गरम असताना काढावं म्हणजे गाळही निघतो. ड्रेन प्लगचा वॉशर आणि फिल्टर दरवेळी नवा. आधी अर्धा लिटर कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं वाढवा. मॅक्सच्या वर गेलं तर क्रँक ऑइलला थोपटून फेस करतो, आणि फेसाचा थर भार पेलत नाही.

रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि वाफ ऑइलमध्ये उतरते आणि ०डब्ल्यू-२० खरोखरच पातळ होतं. अनेक मॅन्युअलमध्ये अशा वापराला 'सिव्हिअर कंडिशन' म्हणून कमी मुदत दिलेली असते, ती पाळा. बीएस-६ डिझेलमध्ये तर डीपीएफची सफाई वारंवार अर्धवट राहिली की डिझेल चेंबरमध्ये झिरपतं. अशा वेळी डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. डिझेलच्या वासावरून ते ओळखता येतं. दिसलं की लगेच ऑइल बदला.

आणि प्रवासात पातळी मिनखाली गेली, पण जवळच्या पंपावर तुमचा ग्रेड नाही, तर? मिळेल ते चांगल्या दर्जाचं कारचं ऑइल अर्धा-एक लिटर घालून पातळी भरा आणि पुढच्या काही दिवसांत पूर्ण बदलून घ्या. ग्रेडची थोडी सरमिसळ इंजिन सोसतं, रिकामं चेंबर सोसत नाही. लाल ऑइल दिवा चालू गाडीत लागला तर मात्र पुढच्या पंपापर्यंतही जायचं नाही. गाडी कडेला घ्या, तिथंच इंजिन बंद करा आणि आधी डिपस्टिक काढा. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल तर ऑइल ओतू नका, टोइंग बोलवा.